लांब हातांना आखूड धनुष्य पुरत नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा देवगडकडचा, वय अठ्ठावीस, मालवाहू बोटीवर इंजिनिअर, उंची सहा फूट चार इंच. त्याचा मेहुणा अमेरिकेत असतो आणि रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. पुढच्या वर्षीच्या हंगामात त्याने याला बोलावलं आहे. याला जायचं आहे ते साध्या धनुष्याने, म्हणजे चाकं नाहीत, नेम धरायची साइट नाही. ५८ इंच लांबीचं, ५० पाउंडी (ओढायला तेवढा जोर लागणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, त्याने बघून ठेवलं आहे. विचारतो, "माझी ओढ ३१ इंच भरते. हे चालेल का? जंगलात आखूडच बरं, असं सगळे सांगतात."

५८ इंची घेऊ नकोस. एवढंच सांगून मी मोकळा झालो असतो, पण मग उद्या दुसऱ्या कुणाचं ऐकून तू ६० इंची घेशील. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. रत्नागिरीत गेली बावीस वर्षं मी पोरांना धनुष्य धरायला शिकवतो आहे आणि तू माझ्या मोठ्या मुलाच्या वयाचा, तेव्हा अरे-तुरे केलेलं चालवून घे.

आधी ती ३१ इंचांची ओढ, म्हणजे पूर्ण ताणल्यावर दोरी धनुष्यापासून जितकी मागे येते ते अंतर, खरी आहे का ते पाहू. तू बोटीवरचा माणूस, तुला वाव सांगायला नको. दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचं. आपल्याकडचे जुने खलाशी दोर पाण्यात सोडून पाच वाव, सात वाव असं पाणी मोजायचे, तोच हा वाव. तो अडीचने भागला की ओढीचा अंदाज निघतो. तुझा वाव साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच धरला, तर उत्तर येतं ३१.२. तूही बहुतेक असंच काहीतरी करून ३१ म्हणतो आहेस.

पण हा अंदाज झाला, माप नव्हे. मैदानावर ताठ उभं राहून, हात सरळ लांबवून, दोरी हनुवटीखाली आणणाऱ्या तिरंदाजाला हे गणित बरं लागू पडतं. शिकारी ढंगात नेम धरणारा गुडघ्यात थोडा वाकतो, मान पुढे काढतो, धनुष्याचा हात कोपरात किंचित सैल ठेवतो आणि बोटं ओठाच्या कोपऱ्याला लावतो. त्यात इंच-दीड इंच सहज जातो. माझ्याकडे एक उंच व्हॉलीबॉलपटू आला होता. वावाप्रमाणे त्याची ओढ ३२, आणि धनुष्य हातात दिल्यावर साडेएकोणतीस. सहा महिन्यांनी पाठीचे स्नायू कामाला लागले तेव्हा साडेतीसवर स्थिरावला. त्याने पहिल्याच दिवशी ३२ धरून धनुष्य आणि बाण मागवले असते, तर सगळेच चुकले असते.

म्हणून असं कर. कुणाकडून तरी २०-२५ पाउंडांचं हलकं धनुष्य दोन आठवड्यांसाठी माग. त्यावर न कापलेला लांब बाण चढव. सुरुवातीचे चार-पाच दिवस मोजूच नको, नुसता ओढत राहा. नंतर अंग गरम झाल्यावर डोळे मिटून ओढ, दोरी नेहमीच्या जागी आण आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बाणावर पेनने खूण करायला सांग, धनुष्याच्या पकडीची खोबण जिथे सर्वांत खोल असते तिच्या बरोबर समोर. असं दहा वेळा कर. बाणाच्या मागच्या खाचेपासून, म्हणजे नॉकच्या खोबणीपासून, त्या खुणेपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळव. ही झाली तुझी ओढ, कारखानेही याच पद्धतीने ती धरतात. पावणेदोन इंच मिळवायचे विसरून पुढे वर्षभर गोंधळात राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

आता धनुष्यावर लिहिलेला आकडा. ५० पाउंड म्हणजे दोरी २८ इंच ओढून धरायला लागणारा ५० पाउंडांचा जोर. २८ इंच हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप आहे, तुझ्या हातांशी त्याचा काही संबंध नाही. चांगल्या धनुष्यात २८च्या पुढे प्रत्येक इंचाला अडीच ते तीन पाउंड वाढतात. म्हणजे ३१ला तू ५८-५९ पाउंड पेलणार. तेही धनुष्याची लांबी तुझ्या ओढीला पुरेशी असेल तर. ५८ इंची धनुष्यात ती पुरत नाही. शेवटचा एकेक इंच चार-पाच पाउंडांनी महागतो आणि तू पैसे देतोस पन्नासचे, हातात येतात साठ-बासष्ट. साध्या धनुष्यावर नव्याने हात बसवणाऱ्याला साठ पाउंड म्हणजे खांद्याच्या दुखण्याला आवतण. शिवाय वजन पेलत नाही म्हणून माणूस ओढ पूर्ण व्हायच्या आधीच बाण सोडतो. ती सवय लागली की सोडवायला वर्षं जातात.

हे शेवटचे इंच महाग का होतात? धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या दोन भुजांना लिंब म्हणतात. (आमची पोरं त्याचं अनेकवचन 'लिंबं' करतात. मैदानाच्या कडेला उभ्या पालकांना वाटतं, सरबताचं चाललंय.) सुरुवातीला दोरी आणि लिंबाचं टोक यांच्यात लहान कोन असतो आणि दोरी लिंबाला सुखाने वाकवते. तू ओढत गेलास की कोन मोठा होत जातो. तो काटकोनाजवळ आला की तुझी ताकद लिंब वाकवण्यात कमी आणि लिंबाला त्याच्याच लांबीच्या दिशेने खेचण्यात जास्त जाऊ लागते. लाकूड वाकतं, पण लांब होत नाही. आंब्याची फांदी टोकाला धरून खाली ओढून बघ. आधी मुकाट येते, मग एका जागी 'बस' म्हणते. तिथून पुढे तू फांदी वाकवत नसतोस, झाडाशी भांडत असतोस. तिरंदाज याला स्टॅक होणं म्हणतात. धनुष्य जितकं आखूड, तितकी ही जागा लवकर येते. रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असल्यामुळे ती थोडी उशिरा येते, म्हणून त्याच लांबीच्या सरळ लाँगबोपेक्षा रिकर्व्ह लांब ओढ जास्त सोसतं. पण त्यालाही मर्यादा आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस. माशांच्या लिलावात किंवा विमानाची बॅग तोलायला वापरतात तसा लटकता काटा घे, दोरीत अडकव आणि २४ इंचांपासून पुढे प्रत्येक इंचाला आकडा लिहून काढ. प्रत्येक वेळी फरक तीनच्या आसपास राहिला तर धनुष्य तुझं. तीन, चार, साडेपाच असा चढत गेला तर ते देणाऱ्याला परत दे, मग त्यावर कितीही सुंदर रोझवूड लावलेलं असो. विकत घ्यायच्या आधी अशी तपासणी करू न देणाऱ्याकडून मी आता काही घेत नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका उंच विद्यार्थ्यासाठी आम्ही ५८ इंची धनुष्य ऑनलाइन मागवलं. माहितीपत्रकात 'कमाल ओढ ३२' असं लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात खालच्या लिंबातून कर्र असा आवाज आला, मी थांब म्हणेपर्यंत त्याने पुढचा बाण ओढला आणि काचतंतूचा थर सालपटासारखा उचकटला. पोराच्या दंडावर वळ उठला, डोळा वाचला. विकणाऱ्याचं उत्तर आलं की तुम्ही जास्त ओढलं असेल. पैसे गेले ते गेलेच.

बोटांचंही आहे. पूर्ण ओढीला दोरी बाणाच्या खाचेपाशी इंग्रजी 'व्ही'सारखी होते. आखूड धनुष्यात तो व्ही इतका चिंचोळा होतो की वरचं आणि खालचं बोट बाणावर दाबलं जातं. बोट सुजतं हा एक भाग. जास्त वाईट हे की सोडताना बोटं बाणाला धक्का देतात आणि बाण मासळीसारखा शेपटी हलवत जातो. तुझे हात मोठे असणार, म्हणजे तुला हे इतरांपेक्षा जास्त जाणवणार.

लांब ओढ हा काही तुझ्यापासून सुरू झालेला प्रश्न नाही. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली वर काढलेलं मेरी रोझ हे इंग्लिश युद्धजहाज तुझ्या वाचनात आलं असेल. त्यातून १३७ अखंड धनुष्यं निघाली. त्यांची सरासरी लांबी साडेसहा फुटांच्या आसपास आहे आणि ती तीस इंचांच्या आसपास ओढली जात असावीत असं बाणांवरून दिसतं. तेव्हाची माणसं तुझ्यापेक्षा बुटकी, तरी त्यांना धनुष्य डोक्यापेक्षा उंच लागत होतं. जपानी लोक दोरी कानाच्या मागे नेतात. त्यांचं नेहमीचं धनुष्य, यूमी, २२१ सेंटिमीटरचं आणि बाण नेहमीपेक्षा लांब लागत असेल तर पुढचं माप २२७चं. तिथे आधी तिरंदाजाचं माप घेतात, मग धनुष्याची लांबी ठरते, पाउंडांची गोष्ट त्यानंतर. मला ही रीत आपल्या शिंप्यासारखी वाटते. अंगाचं माप आधी, कापड नंतर.

कुणी तुला तुर्की किंवा कोरियन धनुष्याचं उदाहरण देईल. ती चार फुटांच्या आसपासची असून लांब ओढली जातात, हे खरं आहे. पण ती नुसत्या लाकडाची नाहीत. पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, जनावराच्या कंडरांचे तंतू, पोटाशी, म्हणजे तिरंदाजाकडच्या अंगाला, शिंग, मधे लाकूड आणि सगळं सरसात जोडलेलं. तंतू ताण सोसतात, शिंग दाब सोसतं, म्हणून तेवढं वाकणं जमतं. आणि सरस पावसाळी हवेत मऊ पडतो. आपल्याकडे शिंगाचं धनुष्य सांभाळणं किती कठीण ते जुन्या लोकांना माहीत होतं. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनली त्यामागे हेही एक कारण होतं, शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगून ठेवली तरी दमट हवेत त्यांचे जोड सुटत नाहीत. आज त्या तुर्की आकाराची फायबरग्लासची धनुष्यं मिळतात, दिसतात झकास. पण काचतंतू म्हणजे कंडरांचे तंतू नव्हेत. बनवणाऱ्याने ३२ इंचांपर्यंतचे पाउंड इंचाइंचाने लिहून दिले तरच विचार कर.

आता 'जंगलात आखूड बरं' या सुभाषिताकडे येऊ. अमेरिकेतली प्रसिद्ध शिकारी धनुष्यं खरंच आखूड असतात. बेअर कंपनीचं ग्रिझली ५८ इंची, सुपर कोडिॲक ६० इंची. ती २७-२८ ओढीच्या माणसांच्या हातात शोभतात आणि बहुतेक माणसं तेवढ्याच ओढीची असतात, म्हणून दुकानात तीच लांबी दिसते आणि तोच सल्ला मिळतो. नवशिक्यांना सर्रास सुचवलं जाणारं सॅमिक सेज ६२ इंची आहे. २८-२९ला उत्तम, ३१ला ओढलं जाईल, पण शेवटच्या इंचात तुझं मन लागणार नाही.

५८ आणि ६६ यांत फरक आठ इंचांचा. चार वर, चार खाली. आपल्या सड्यावर करवंदीच्या जाळीत शिरून बघ, तुला अडवते ती जाळी, धनुष्याची वरची चार इंचं नव्हेत. शिवाय साधं धनुष्य शिकारी उभं धरत नाही, तिरकं धरतो, त्यामुळे वरचं टोक फांदीखालून निघतं. तू सहा फूट चार इंच आहेस. साडेपाच फुटांच्या माणसाच्या हातात ५८ इंची जसं दिसतं, तसं तुझ्या हातात ६६ इंची दिसेल. एक ठिकाण मात्र खरं अडचणीचं आहे. झाडावर मचाण बांधून किंवा जमिनीवर तंबूवजा आडोशात बसून बाण मारायचा असेल, तर खालचं टोक फळीला किंवा जमिनीला लागतं. मेहुण्याला आत्ताच विचार, तो कसा बसतो. आडोशात बसणार असाल तर ६४वर ये, त्याखाली नाही.

माझा सरळ सल्ला. सुट्या भागांचं, आयएलएफ जोडणीचं धनुष्य घे. आयएलएफ म्हणजे लिंब जोडायची एक ठरलेली खाच. एका कंपनीचा मधला दांडा, ज्याला रायझर म्हणतात, आणि दुसऱ्या कंपनीची लिंबं एकमेकांत बसतात. २५ इंची रायझरला मध्यम लिंबं लावली तर धनुष्य ६८चं होतं, लांब लावली तर ७०चं. हाच हिशोब खाली आणायचा. २१ इंची रायझर आणि लांब लिंबं, झालं ६६. तू २५ इंची रायझरला आखूड लिंबं लावूनही ६६ करू शकतोस, पण ते घेऊ नकोस. वाकतात ती लिंबं, रायझर वाकत नाही. दोन धनुष्यं सारख्या लांबीची असली तरी ज्याचा वाकणारा भाग जास्त ते तुझ्या लांब ओढीला सोयीचं. लोक एकूण लांबी विचारतात आणि इथे फसतात.

पाउंडांचा हिशोब असा कर. आयएलएफ लिंबांवरचा आकडा २५ इंची रायझर धरून लिहिलेला असतो. २१ इंचीवर तीच लिंबं तीन-चार पाउंड जड होतात. वर तुझे तीन जास्तीचे इंच, त्यांचे आठ-नऊ पाउंड. म्हणजे लिंबावर ३० लिहिलं असेल तर तुझ्या बोटांवर येतील ४२ च्या आसपास. बोल्ट फिरवून त्यात थोडं कमी-जास्त करता येतं. पण सुरुवात ३०ने करू नकोस. आधी २४चा जोड घे, तो तुला ३५-३६ पडेल. चार-पाच महिने रोज पन्नास-साठ बाण त्यावर सोड. मग ३०चा जोड. रायझर तोच राहतो, त्यामुळे हाताची पकड बदलत नाही. आणि विमानाने जाताना सगळं सुटं करून बॅगेत मावतं. एकसंध ५ फूट ६ इंचांचं धनुष्य विमानतळावर नेऊन बघ म्हणजे कळेल.

"४२ म्हणजे कमी नाही का?" असं तू म्हणशीलच, कारण तुझ्या डोक्यात ५० बसलं आहे. तुझ्या लांब हातांचा फायदा इथे आहे. बाणाला मिळणारा जोर फक्त पाउंडांवर ठरत नाही, दोरी बाणाला किती अंतर ढकलत नेते यावरही ठरतो. दोरी विश्रांतीत पकडीपासून साडेसात इंचांवर असेल, तर २८ ओढीच्या माणसाची दोरी बाणाला पावणेएकोणीस इंच ढकलते. तुझी पावणेबावीस. तीन इंच जास्त, म्हणजे सोळा टक्के. त्याचे ५० आणि तुझे ४३ जवळपास सारखेच काम करतात. देवाने हात दिलेत ते वापर, खांदा कशाला खर्ची घालतोस? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी धनुष्याचे किमान पाउंड कायद्याने ठरवलेले असतात, कुठे ३५, कुठे ४०, कुठे आणखी काही. मेहुण्याच्या राज्यातला आकडा आणि परदेशी पाहुण्याला परवान्यासाठी काय लागतं, ते त्याला लेखी पाठवायला सांग. काही ठिकाणी धनुष्यशिकारीचं वेगळं प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं.

एकसंध लाँगबोच हवं असेल, आणि त्याची मजा वेगळी आहे हे मी नाकारत नाही, तर ६८ इंची बघ. पुढे-मागे किंचित वळण दिलेली संकरित जात बघ, अगदी सरळ इंग्लिश धाटणीची नको. पकड साधी असते, हाताला थोडा जास्त झटका बसतो, वेग जरा कमी. पण दोरी सुटल्यावर फारसा आवाज नाही. विकत घेताना बनवणाऱ्याला '३१ला ४३ पाउंड' असं सांग, '२८ला' हा शब्दच काढू नकोस. स्वतः धनुष्य घडवणारा कारागीर ३१ला तपासूनच देईल.

बांबूचंही सांगतो, कारण तो माझा जीव की प्राण. आपल्या सिंधुदुर्गात माणगा होतो, जवळजवळ भरीव, काटे नसलेला. आंब्याच्या झेल्याची काठी काय किंवा मांडवाचा खांब काय, ज्या कामाला तो लावाल त्याला पुरतो. मी पोरांसाठी त्याची सुरुवातीची धनुष्यं तासतो. आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाची स्पर्धाच बांबूच्या धनुष्यांची आहे. दीपिका कुमारीसारखी ऑलिम्पिकपर्यंत गेलेली तिरंदाजही बांबूपासूनच सुरू झाली. नुसत्या बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्याला नियम साधा. ओढीच्या दुप्पट लांबी आणि त्यात मधली न वाकणारी मूठ मिळवायची. तुझं ३१ दुणे ६२ आणि मुठीचे आठ-दहा, म्हणजे ७० ते ७२ इंच. त्यापेक्षा आखूड केलंस तर एक तर मोडेल, नाही तर महिन्याभरात दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहील. थंडीत तोडलेला, सावलीत वाळवलेला बांबू घे. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. पण शिकारीला असलं धनुष्य नेऊ नको. कोकणात तासलेला बांबू तिकडच्या कोरड्या थंडीत कसा वागेल ते तिथे जाऊन कळणं बरं नव्हे.

बाण. इथे उंच माणसांचं दुसरं दुखणं सुरू होतं. धारदार शिकारी फाळ बोटाला लागू नये म्हणून बाण ओढीपेक्षा निदान एक इंच लांब हवा, म्हणजे तुला ३२. लाकडी बाणाच्या काड्या ३२ इंची येतात आणि दोन्ही टोकं तासल्यावर एकतिसाच्या आसपास उरते. म्हणजे तुझ्यासाठी लाकूड संपलं. कार्बनच्या न कापलेल्या काड्या ३२च्या थोड्या वर येतात, त्या पुरतात. पण लांब बाण जास्त लवचीक वागतो हे विसरू नको. २८ ओढीच्या, तेवढ्याच पाउंडांच्या मित्राला ५०० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे काडीच्या ताठपणाचं माप) बाण चालत असेल, तर तुला बहुधा ४००चा लागेल. आकडा कमी म्हणजे काडी ताठ. दोन-दोन काड्या आण, न कापता, पिसं न लावता पंधरा पावलांवरून मारून बघ. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर काडी ताठ, उजवीकडे गेला तर लवचीक. मगच डझन घे. वजन पाउंडाला नऊ-दहा ग्रेन धर, म्हणजे तुझा बाण ३८० ते ४३० ग्रेनचा, साधारण २५-२८ ग्रॅम. हलका बाण वेगात जातो आणि धनुष्याची हाडं खिळखिळी करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सड्यावर धनुष्य घेऊन फिरलास की गावातलं कुणीतरी म्हणणारच, "रात्री डुक्कर येतो काजूत, घाल एक." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे. भेकर असो, ससा असो की नारळाची नासाडी करणारं माकड, बाण उचलायचा नाही. रानडुकराच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायची वेगळी वाट आहे, त्यात तुझ्या धनुष्याचं काम नाही. मेहुण्याच्या देशातला परवाना इथल्या काजूच्या बागेत चालत नाही.

सराव मात्र भरपूर कर आणि वीस यार्डांच्या आतच कर. साध्या धनुष्याने जनावरावर त्यापलीकडून बाण मारणं मला पटत नाही. माझे स्वतःचे बाण पंचवीसवरून आजही मला लाज आणतात. लक्ष्य म्हणून भाताच्या पेंढ्याच्या घट्ट आवळलेल्या गुंड्या छान. मागे जांभ्याचा गडगा असेल तर त्याच्या पुढे जुनी जाळी तीन-चार पदरी सैल टांग. चिऱ्यावर आपटलेला कार्बनचा बाण वरून धड दिसतो आणि पुढच्या वेळी सोडताना फुटून हातात शिरतो. आपटलेला प्रत्येक बाण वाकवून, कानाशी धरून तडकल्याचा आवाज येतो का बघ. शंका आली की मोडून टाक.

हवेचं काय, तर फायबरग्लासच्या लिंबांना आपला पाऊस फारसं काही करत नाही, मे महिना करतो. जेटीवर उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवलंस की डिंक सुटतो. माझं एक चांगलं लाँगबो असंच गेलं, मासे घ्यायला उतरलो आणि गप्पा लांबल्या. खारी हवा रायझरच्या बोल्टांना खाते, महिन्याला एकदा तेलाचं बोट फिरव. दोरी ओढताना बोटांवर घालायच्या चामड्याच्या टॅबला श्रावणात बुरशी येते, ती धान्याच्या डब्यात नको, तांदळात ठेवलेला टॅब आमच्याकडे घरच्यांनी बाहेर फेकला होता. पिसं भिजली की बाण भरकटतो आणि हातावर किंवा शेल्फवर, म्हणजे पकडीवरच्या कठड्यावर, बाण टेकवून मारणाऱ्याला प्लास्टिकची चालत नाहीत, तेव्हा पावसात पिशवी. दोरी नेहमी स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायचा वेगळा दोर, लावून चढव. पायात अडकवून चढवलीस तर लांब लिंबं पिळतात. आणि धनुष्य कोपऱ्यात टोकावर उभं करू नको, भिंतीत दोन खुंट्या मार आणि आडवं ठेव. सहासष्ट इंच आडवे मावतील एवढी भिंत तुझ्या घरात असेलच.

लटकता काटा माझ्याकडे आहे आणि २२ पाउंडांचं एक जुनं ६८ इंची धनुष्यही आहे. सुट्टीवर आलास की दोन आठवडे घेऊन जा, ओढ मोज, बाणावरच्या खुणांचा फोटो पाठव. तोवर त्या ५८ इंचीचे पैसे भरू नकोस.